दक्षिण आफ्रिका : कबुली झाली, भरपाई राहिली

उभे आयुष्य बोटीवर काढलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या धर्मग्रामात होते. त्यांच्या अखेरच्या आजारपणात आम्ही त्यांना कम्युनियन घेऊन जात असू. एके दिवशी त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली आणि तीतून आपला १९७० सालच्या सुमाराचा पासपोर्ट काढून आमच्या हाती दिला. जगात जाण्याची मुभा देणाऱ्या त्या पुस्तिकेत एक देश वगळलेला होता : दक्षिण आफ्रिकेचे प्रजासत्ताक. १९६७ ते १९७५ या काळात सुएझ कालवा बंद होता आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात. ‘‘फादर, डेकवरून तो सपाट माथ्याचा डोंगर दिसायचा,’’ ते म्हणाले, ‘‘पण आपल्याला उतरायची बंदी.’’ ती बंदी कोणी घातली होती, त्यांच्या सरकारने की आपल्या, हे त्यांना नीटसे ठाऊक नव्हते. दोघांनीही घातली होती असे आम्ही सांगितले, तेव्हा ते हसले.

आज त्या पासपोर्टची आठवण होण्याचे कारण असे, की ज्या देशाचे नाव आपण आपल्या पासपोर्टवरून वगळले होते, त्याच्या लोकशाहीला २०२४ साली तीस वर्षे पूर्ण झाली. तीस वर्षांचा माणूस तरुण म्हणवतो, पण त्याच्या वागण्याची जबाबदारी आता त्याच्या आईबापांवर टाकता येत नाही. लोकशाहीचेही तसेच आहे. वर्णभेदाने पिंजून काढलेल्या समाजातून ती जन्मली; तिच्या प्रकृतीकडे आता निवांतपणे पाहता येईल इतका काळ लोटला आहे.

या देशाशी आपले नाते पासपोर्टवरील शिक्क्याहून जुने आहे. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ नावाची बोट मद्रासहून डर्बनला पोचली आणि उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी नाताळच्या किनाऱ्यावर उतरली. त्यानंतरच्या अर्धशतकात दीड लाखाहून अधिक माणसे याच मार्गाने गेली. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, बहुतेक गुजराती. आणि केप टाउनला रत्नागिरी-जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान गेले. १९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत उतरले, तेव्हा गांधीजींनी त्यांना गळ घातली, की हिंदी रहिवाशांच्या सभेत इंग्रजीत न बोलता मराठीत बोला. सभेत काही कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय आहेत, बाकीच्यांसाठी मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन. गांधीजींच्या मराठीविषयी गोखल्यांनी मनमुराद थट्टा केली, पण ऐकले. जोहान्सबर्गच्या सभेत एका पुणेकराचे मराठी घुमले, हा प्रसंग आपल्या शालेय पुस्तकांत का नाही, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. करारमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा जुलमी कर रद्द होईल, असा गोखल्यांचा मंत्र्यांच्या भेटीतून समज झाला होता. मंत्र्यांनी तो शब्द दिल्याचे पुढे नाकारले, आणि त्यातूनच १९१३ चा खाणकामगारांचा सत्याग्रह पेटला. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने तोंडी दिलेले आश्वासन कागदावर उतरवून घ्यावे, हा धडा तेथील लोक तेव्हापासून गिरवीत आले आहेत.

१९१३ हे साल आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावयास हवे. त्या वर्षीच्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांना देशाच्या जेमतेम सात टक्के भूमीबाहेर जमीन घेण्यास मनाई केली. १९३६ साली ही मर्यादा तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्यात आली. म्हणजे ज्याला आपण ‘अपार्थाईड’ म्हणतो, त्याचा पाया १९४८ पूर्वीच घातलेला होता. १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि त्या पायावर त्याने इमला चढविला. १९५० साली प्रत्येक माणसाची वंशनिहाय नोंदणी सुरू झाली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कोणत्या वस्तीत राहावे हे ठरविले, आणि १९५३ साली कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षणही सरकारने आपल्या मुठीत घेतले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ माणसे मेली. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली. हा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यात अधिक रेंगाळत नाही.

या सर्वांत ख्रिस्तसभेची भूमिका काय होती, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण छळणारे आणि छळले जाणारे दोघेही रविवारी चर्चला जाणारे होते. डच रिफॉर्म्ड चर्चने या राजवटीला बायबलचा आधार पुरविला. त्या पापाची कबुली त्या पंथाने पुढे दिली, पण ते पाप घडले हे खरे. कॅथलिक ख्रिस्तसभा तेथे अल्पसंख्य. १९५७ साली तेथील बिशपांनी वर्णभेद हा मूलतःच दुष्ट आहे असे जाहीर केले. त्याच निवेदनात त्यांनी एक अवघड गोष्टही लिहिली : आपल्याच शाळा, सेमिनऱ्या, मठ व इस्पितळे यांतून हाच भेद पाळला जातो. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातील मुसळ लपविले नाही, हे त्या निवेदनाचे मोठेपण होय. मुसळ काढायला मात्र आणखी दोन दशके लागली. १९७६ साली कॅथलिक शाळांनी कायदा धुडकावून सर्व वर्णांच्या मुलांना प्रवेश देण्यास सुरुवात केली. डर्बनचे आर्चबिशप डेनिस हर्ली हे या लढ्याचे म्होरके. सोवेटोचे रेजिना मुंडी चर्च तर सभाबंदीच्या काळात लोकांचे सभागृहच झाले होते. १९७६ साली पोलीस मुलांचा पाठलाग करीत आत घुसले, त्या वेळच्या गोळ्यांच्या खुणा तेथे जपून ठेवल्या आहेत.

११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या बंदिवासानंतर बाहेर आले, त्या चित्रफिती सर्वांनी पाहिल्या आहेत. पुढील चार वर्षांत देश किती वेळा कड्याच्या टोकावर गेला, हे तितकेसे लक्षात राहत नाही. जून १९९२ मध्ये बोइपाटॉंगच्या वस्तीत ४५ जणांची कत्तल झाली, सप्टेंबरात बिशो येथे मोर्चावर गोळीबार झाला. १० एप्रिल १९९३ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, कृष्णवर्णीय तरुणांचे लाडके पुढारी ख्रिस हानी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी पोलंडहून आलेला गोरा होता; त्याच्या मोटारीचा क्रमांक टिपून घेऊन पोलिसांना कळविणारी शेजारीणही गोरी, आफ्रिकानेर होती. त्या रात्री मंडेलांनी दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलताना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, मतदारही नव्हते. पण देशाने त्या रात्री त्यांचेच ऐकले. आमच्या मते त्या देशाची सत्ता प्रत्यक्षात त्या शनिवारपासून हस्तांतरित होऊ लागली.

बुथेलेझींचा इंकाथा पक्ष निवडणुकीत उतरण्यास तयार झाला तो मतदानाला अवघा एक आठवडा उरलेला असताना. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी त्या पक्षाचे नाव व चिन्ह असलेली पट्टी चिकटविण्यात आली. यादवी टळली ती अशा डिंक लावलेल्या कागदाच्या पट्टीने. एप्रिलअखेर आम्ही सेमिनरीतून सुट्टीवर घरी आलो होतो. २७ एप्रिलच्या मतदानाची छायाचित्रे आमच्या वडिलांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली. मैल मैल लांबीच्या रांगा, त्यात मोलकरीण आणि मालकीण एकामागोमाग उभ्या. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल कॉंग्रेसला ६२.६५ टक्के मते पडली, चारशेपैकी २५२ जागा मिळाल्या. १० मे रोजी त्यांनी शपथ घेतली. माजी राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क त्यांचे उपाध्यक्ष झाले. भारताने नोव्हेंबर १९९३ मध्येच राजनैतिक संबंध पुन्हा जोडले होते. १९४६ साली व्यापारबंदी घालणारा पहिला देश आपला, याचा आम्हांला अभिमान आहे.

पण या चमत्काराच्या पोटात एक करार होता, आणि त्या कराराची किंमत पुढे मोजावी लागली. जो स्लोव्हो या कट्टर कम्युनिस्टानेच १९९२ साली सुचविले, की काही वर्षे सत्ता वाटून घेऊ, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या राखू. राज्यघटनेने मालमत्तेच्या हक्काला संरक्षण दिले. सोप्या शब्दांत सांगायचे तर मताची पेटी बहुसंख्यांकडे गेली आणि तिजोरी व सातबारा जेथे होते तेथेच राहिले. हा सौदा चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. रक्तपात टाळण्यासाठी दुसरी वाट त्या क्षणी कोणाला दिसली नव्हती. तथापि, सौदा हा सौदाच असतो. त्याला मुक्तीचे नाव दिल्याने त्याची हप्तेबंदी चुकत नाही.

आता त्या सत्य आणि समेट आयोगाकडे वळू. १९९५ सालच्या कायद्याने तो नेमला गेला. अध्यक्ष अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू. १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडन शहरात पहिली सुनावणी झाली. १९६० ते १९९४ या काळातील अत्याचारांची एकवीस हजारांहून अधिक निवेदने आयोगापुढे आली. गुन्हेगारांपुढे अट अशी होती : आपले कृत्य राजकीय हेतूने घडले हे दाखवा, सत्य संपूर्ण सांगा, आणि माफी घ्या, मग फौजदारी खटला नाही, दिवाणी दावाही नाही. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांपैकी ८४९ जणांना माफी मिळाली. जे नाकारले गेले किंवा जे आलेच नाहीत, त्यांच्यावर खटले चालतील असे गृहीत होते.

सेमिनरीत आम्हांला समेटाच्या संस्काराविषयी जे शिकविले गेले, त्याची आठवण येथे टाळता येत नाही. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई ही त्याची तीन अंगे. आमचे प्राध्यापक म्हणत, चोराने चोरी कबूल केली आणि तो रडला, तरी बैल गोठ्यात परत आला पाहिजे. आयोगाच्या कायद्याने यांतील केवळ मधले अंग सक्तीचे केले. पश्चात्तापाची अट घातली नव्हती, आणि ते योग्यच होते, कारण अंतःकरण तपासण्याचे यंत्र कोणत्याही न्यायालयाजवळ नसते. भरपाई मात्र राज्याने आपल्या अंगावर घेतली. आयोगाने बळींना सहा वर्षे दरसाल वीस हजार रँडच्या आसपास मदत द्यावी अशी शिफारस केली. २००३ साली सरकारने प्रत्येकी एकदाच तीस हजार रँड देऊन हिशेब मिटविला. ज्यांनी त्या राजवटीत संपत्ती जमविली, त्या उद्योगांवर एकदाच कर बसवावा ही सूचनाही बारगळली.

स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी व इतरांनी माफीच्या कायद्याला घटना न्यायालयात आव्हान दिले होते. १९९६ साली ते हरले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती इस्माईल महोमद स्वतः हिंदी वंशाचे, स्वतः वर्णभेदाचे चटके सोसलेले. हा सौदा केला नसता तर घटनाच जन्मली नसती, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. वाचकहो, हा निकाल आम्ही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्याच्याशी सहमत होऊन अस्वस्थ झालो आहोत.

याच संदर्भात एक घटना. वर्णभेदी राजवटीचे कायदा व सुव्यवस्था मंत्री एड्रियान व्लॉक यांच्या काळात, १९८८ साली, जोहान्सबर्गमधील चर्च परिषदेची कचेरी बॉंबने उडविण्यात आली आणि प्रिटोरियातील कॅथलिक बिशपांच्या कचेरीला आग लावण्यात आली. पुढल्या वर्षी चर्च परिषदेचे सरचिटणीस रेव्हरंड फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांना विष लावण्यात आले. ते मरता मरता वाचले. २००६ साली हे व्लॉक चिकाने यांच्या सरकारी कचेरीत गेले आणि गुडघे टेकून त्यांनी त्यांचे पाय धुतले. जगभर त्याची वाहवा झाली, काहींनी ते नाटक म्हटले. पुण्य गुरुवारी दरवर्षी बारा जणांचे पाय धुणाऱ्या आम्हांला ते नाटक म्हणवत नाही. परंतु पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. २००७ साली याच विषप्रयोगाबद्दल व्लॉक व त्यांचे साथीदार न्यायालयात उभे राहिले, त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि त्यांना शिक्षा झाली ती तहकूब ठेवलेली. एकही दिवस तुरुंगात गेला नाही. पाय धुणे खरे होते. न्याय अर्धा होता. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरे असू शकते.

घटना न्यायालयाविषयी मात्र आम्हांला हातचे न राखता लिहावेसे वाटते. जोहान्सबर्गमधील ज्या जुन्या किल्ल्याच्या तुरुंगात गांधीजी आणि पुढे मंडेला कैदेत होते, त्याच आवारात हे न्यायालय उभे आहे. पाडलेल्या कैदीबराकीच्या विटा तेथील भिंतींत बसविल्या आहेत. न्यायालयाने ६ जून १९९५ रोजी एकमताने फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरविली, आणि ती लोकप्रिय आहे हा युक्तिवाद फेटाळला. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याने खुद्द मंडेलांचे दोन फतवे रद्द केले. मंडेलांनी दूरचित्रवाणीवर येऊन निकाल मान्य असल्याचे सांगितले. १९९८ साली रग्बी संघटनेच्या एका दाव्यात उच्च न्यायालयाने त्यांना साक्षीला बोलाविले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. सल्लागारांनी विरोध केला असता तर तो आपल्या इकडील कोणत्याही मंत्र्याला सहज पटला असता.

२००२ सालचा निकाल तर प्राणांशी निगडित होता. मंडेलांचे उत्तराधिकारी थाबो म्बेकी यांनी एड्सचे कारण विषाणू होय हे शास्त्र मानण्यास आढेवेढे घेतले, आणि गरोदर मातांना औषध देण्याचे सरकारने लांबविले. न्यायालयाने ते औषध देण्याचा हुकूम केला. या दिरंगाईने तीन लाखांहून अधिक माणसे अकाली गेली असा अंदाज पुढे संशोधकांनी काढला. मुक्तिलढ्यात घडलेला, सुसंस्कृत, विद्वान नेता हे करू शकला! लढ्याचे पुण्य राज्यकारभाराच्या चुका माफ करीत नाही, याचा याहून विदारक दाखला आम्हांला माहीत नाही.

जेकब झुमा यांचा २००९ ते २०१८ हा काळ आम्ही थोडक्यात सांगू, कारण लाचलुचपतीची वर्णने सर्वत्र सारखीच असतात. उत्तर प्रदेशातील सहारनपूरहून गेलेल्या गुप्ता बंधूंचे नाव त्यात अग्रभागी यावे, याची आपल्याला लाज वाटावयास हवी. २०२२ साली न्यायमूर्ती झोंडो यांच्या चौकशी आयोगाने सरकारी कंपन्या कशा पोखरल्या गेल्या हे शेकडो साक्षींच्या आधारे मांडले. त्याच आयोगापुढे साक्ष देण्यास झुमांनी नकार दिला, म्हणून घटना न्यायालयाने जून २०२१ मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची कैद सुनावली. पहिला राष्ट्राध्यक्ष बोलावल्यावर आपण होऊन पिंजऱ्यात उभा राहिला, चौथा तुरुंगात गेला पण उभा राहिला नाही. दोन्ही वेळी शेवटचा शब्द न्यायालयाचा ठरला, हे त्या लोकशाहीच्या नाडीचे लक्षण समजावे.

झुमांच्या अटकेनंतर जुलै २०२१ मध्ये क्वाझुलू-नाताळ व गाउटेंग प्रांतांत दंगली उसळल्या. साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. येथे पुन्हा आपल्या लोकांचा संबंध येतो. डर्बनजवळचे फिनिक्स हे उपनगर गांधीजींच्या १९०४ च्या आश्रमाचे नाव धारण करते. वर्णभेदी कायद्यानुसार १९७६ साली ते हिंदी लोकांसाठी वसविण्यात आले. पोलीस फिरकले नाहीत, तेव्हा रहिवाशांनी रस्त्यांवर अडथळे उभारून स्वतः पहारा सुरू केला. त्या अडथळ्यांपाशी आणि आसपास ३६ माणसे मारली गेली, बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्यांतील कित्येक जण कामावर जाणारे-येणारे होते. १९४९ साली डर्बनच्या दंगलीत झुलू आणि हिंदी यांच्यात १४२ बळी गेले होते, १९८५ साली गांधीजींचा आश्रम जाळला गेला होता. त्या वेळी आपण आपल्या लोकांच्या बाजूने हळहळलो. फिनिक्सच्या वेळी हळहळण्याची पाळी दुसऱ्या बाजूची होती, आणि आपल्याकडील वर्तमानपत्रांनी ती बातमी बेताबेताने छापली. वर्णभेदाने माणसांच्या उतरंडी रचल्या; त्यात हिंदी माणसाला मधली पायरी दिली. मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याचा अन्याय स्मरणात ठेवतो, आणि खालच्याला आपण कोण दिसतो हे विसरतो.

मग या लोकशाहीची प्रकृती कशी आहे? २०२४ च्या मे महिन्यात तिची सातवी सार्वत्रिक निवडणूक झाली. तीस वर्षे सत्तेवर असलेला पक्ष ४०.१८ टक्क्यांवर घसरला, जागा १५९ उरल्या. ज्या पक्षाने देश मुक्त केला, त्याने बहुमत गमावले आणि निकाल मान्य केला. सैन्य हलले नाही, मतपेट्या पळविल्या गेल्या नाहीत. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी प्रमुख विरोधी पक्षाला सोबत घेऊन संमिश्र सरकार बनविले. १९९० नंतरच्या वाटाघाटींत मंडेलांच्या बाजूने टेबलावर बसणारे प्रमुख हेच रामाफोसा. तेव्हा शत्रूशी बोलण्याची जी सवय लागली, ती तीस वर्षांनी उपयोगी पडली. आफ्रिका आणि आशियातील कितीतरी मुक्तिपक्षांना ही परीक्षा उतरता आलेली नाही.

दुसऱ्या बाजूला, त्याच निवडणुकीत नोंदलेल्या मतदारांपैकी ५८ टक्केच मतदानाला आले. १९९९ साली हे प्रमाण ८९ होते. १९९४ च्या रांगेत उभ्या राहिलेल्या आजीची नात मत देण्यास जात नाही. तिला दोष देणे सोपे आहे. देशातील बेकारी ३० टक्क्यांच्या वर आहे, तरुणांत तर त्याहून पुष्कळ जास्त. उत्पन्नातील विषमतेत हा देश जगात सर्वांत वरच्या ओळीत बसतो. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तिगत मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांच्या नावे निघाली; लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे सात टक्के. काहीच झाले नाही असे मात्र नव्हे. १९९६ च्या जनगणनेत ५८ टक्के घरांत विजेचा दिवा होता, २०२२ च्या जनगणनेत सुमारे ९५ टक्के घरांत. सहा कोटींच्या देशात एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकांना दरमहा सरकारी मदत मिळते. दिवा आला, पेन्शन आली. काम आणि जमीन आली नाही. २०२५ च्या जानेवारीत जमीन-संपादनाचा नवा कायदा झाला, तेव्हा समुद्रापलीकडून गोऱ्यांच्या छळाची हाकाटी उठली, आणि मे महिन्यात अमेरिकेने काही आफ्रिकानेरांना निर्वासित म्हणून आश्रयही दिला. १९१३ चा कायदा झाला तेव्हा बेघर झालेल्यांसाठी कोणत्याही देशाने विमान पाठविले नव्हते.

आम्हांला विचाराल तर त्या देशाच्या भवितव्याचा प्रश्न मतपेटीपाशी अडलेला नाही. तेथील न्यायाधीश, वृत्तपत्रे आणि निवडणूक आयोग या संस्था मार खाऊनही उभ्या आहेत. प्रश्न अडला आहे तो त्या तिसऱ्या अंगापाशी, आणि तो केवळ पैशाचा नाही. आयोगाने खटल्यांसाठी सुमारे तीनशे प्रकरणे सरकारकडे सोपविली होती. त्यांतील फारच थोडी न्यायालयात गेली. अहमद तिमोल या हिंदी वंशाच्या शिक्षकाचा १९७१ साली जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मृत्यू झाला, ती आत्महत्या ठरविली गेली. भाच्याने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून २०१७ साली न्यायालयाने तो खून असल्याचा निष्कर्ष काढला. आरोपी झालेला पोलीस २०२१ साली खटला उभा राहण्यापूर्वीच वृद्धापकाळात वारला.

आयोगाच्या त्या पहिल्या आठवड्यात, एप्रिल १९९६ मध्ये, नोमोंडे कलाटा नावाची स्त्री साक्षीला बसली होती. तिचे पती फोर्ट कलाटा व त्यांचे तीन सहकारी मॅथ्यू गोनिवे, स्पॅरो म्कोंटो आणि सिसेलो म्ह्लाऊली यांना जून १९८५ मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून ठार केले होते. क्रॅडॉक हे त्यांचे गाव. तेव्हा ती गरोदर होती. साक्ष देता देता तिने मान मागे टाकून असा टाहो फोडला, की टुटूंनी कामकाज थांबविले. पुन्हा सुरू करताना त्यांनी स्वतः एक शोकगीत म्हटले आणि सभागृह त्यात सामील झाले. त्या हत्येबद्दल माफी मागणाऱ्या सहा पोलिसांचे अर्ज १९९९ साली फेटाळले गेले. त्यांच्यावर खटला चालला नाही. एकामागून एक सहाही जण आपल्या अंथरुणात वारले. जानेवारी २०२५ मध्ये कलाटा यांचा मुलगा लुखान्यो व इतर पीडित कुटुंबे यांनी सरकारलाच न्यायालयात खेचले : खटले कोणी दाबले ते सांगा. राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठी माजी न्यायमूर्ती सिसी खांपेपे यांचा चौकशी आयोग नेमला. आणि जून २०२५ मध्ये त्या चार मृत्यूंची न्यायालयीन चौकशी तिसऱ्यांदा उघडली, तेव्हा नोमोंडे कलाटा पुन्हा साक्षीला बसल्या. मधे एकोणतीस वर्षे गेली होती. आरोपींच्या बाकावर बसवायला कोणी उरले नव्हते.